कोपनहेगनचा उलटा वाचलेला आकडा

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची जी साथ आली, तिच्यासारखी साथ युरोपने त्याआधी क्वचितच पाहिली होती. शहरातले सारे रुग्ण ब्लेगदाम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात येत. साथ शिगेला पोहोचली तेव्हा दिवसाला सुमारे ५० रुग्ण दाखल होत आणि त्यांतल्या ६ ते १२ जणांचा श्वास आधीच घुसमटू लागलेला असे. रुग्णालयाकडे श्वास देणारी यंत्रे होती सात. त्यांतले एक म्हणजे 'लोखंडी फुफ्फुस', रुग्णाला मानेपर्यंत आत ठेवणारी टाकी. उरलेली सहा नुसती छातीवर बसवायची कवचे होती. पहिल्या तीन आठवड्यांत ३१ रुग्णांना या यंत्रांवर ठेवले गेले. त्यांतले २७ मरण पावले.

या रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीत डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसत होती. रक्तातले बायकार्बोनेट वाढलेले येई. बायकार्बोनेट हा अल्कधर्मी पदार्थ, म्हणजे रक्त अल्कधर्मी झाले असले पाहिजे, असा अर्थ लावला गेला. पोलिओच्या विषाणूमुळे होणारा हा कसलातरी अनाकलनीय चयापचयाचा बिघाड आहे, असे मानून डॉक्टर त्याचे कारण शोधत राहिले.

प्रयोगशाळेने दिलेला आकडा अचूक होता. रक्त मात्र अल्कधर्मी नव्हते, ते धोकादायक प्रमाणात आम्लधर्मी झालेले होते.

वैद्यकाच्या इतिहासात चुकीच्या मोजमापाच्या कथा पुष्कळ आहेत. बरोबर मोजमापाचा नेमका उलटा अर्थ लावला गेला, आणि तोही हुशार, अनुभवी, रुग्णांसाठी रात्रंदिवस राबणाऱ्या माणसांकडून, अशी उदाहरणे थोडी. ही चूक कशी झाली आणि कशी उमगली, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी वैद्यकाचा माणूस नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि उमेदीची वर्षे सहकारी बँकेच्या हिशेब तपासणीत गेली. वैद्यकाच्या इतिहासाचे वेड पुढे लागले आणि ते ग्रंथालयांतून व जुन्या नियतकालिकांतून पोसले गेले. या विषयाकडे वळायला निमित्त झाले आमच्या तालुक्याच्या नर्सिंग विद्यालयाचे. तिथल्या मुली मराठी माध्यमातून येतात, पुस्तके इंग्रजीत, आणि रक्तातील आम्ल-अल्क समतोलाचा धडा आला की वर्ग गप्प होतो. तिथल्या एका शिक्षिकेने मराठी टिपणे करायला माझी मदत मागितली. मुलींच्या वहीत एक चौकट होती: सामू ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६. त्याखाली एक युक्ती: श्वसनाचा दोष असेल तर सामू आणि कार्बन डायऑक्साइड विरुद्ध दिशांना जातात, चयापचयाचा दोष असेल तर सामू आणि बायकार्बोनेट एकाच दिशेला. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून मुली त्याला 'रोम' म्हणतात आणि परीक्षेत गुण मिळवतात. पण ही चौकट आली कुठून, तिच्यात तीन आकडे का, एक का पुरत नाही, हे त्या वहीत नव्हते. ते शोधता शोधता मी ब्लेगदामच्या दारात जाऊन पोहोचलो.

सामू हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. माती परीक्षणाच्या अहवालात तो पहिल्या दोन-तीन रकान्यांत असतो. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. जमिनीचा सामू साडेसहा झाला काय आणि आठ झाला काय, पीक कमी-जास्त येते, शेत मरत नाही. रक्ताला इतकी मोकळीक नाही. ७.४ च्या आसपास अगदी अरुंद पट्ट्यात त्याला राहावे लागते, ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेलेला माणूस सहसा वाचत नाही.

यातला मोठा विरोधाभास असा, की सामू ही कल्पनाच मुळी कोपनहेगनची आहे. तिथल्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याने चालवलेल्या प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. त्यांना विकरांच्या कामासाठी द्रावणाची आम्लता नेमकी सांगायला सोपी पद्धत हवी होती. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसन यांनी रक्तातले कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांचे नाते समीकरणात बसवले होते. हे समीकरण सोरेन्सन यांच्या मोजपट्टीवर आणून बसवले ते पुन्हा कोपनहेगनच्याच कार्ल हासेलबाल्ख यांनी, १९१६ मध्ये. हेंडरसन-हासेलबाल्ख समीकरण या नावाने ते आज जगभरच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. हासेलबाल्ख १९५२ मध्ये हयात होते. म्हणजे ज्या शहरात सामू जन्मला, ज्या शहरात त्याचे रक्ताशी नाते मांडले गेले, त्याच शहराच्या रुग्णालयात ३६ वर्षांनंतर माणसे मरत होती आणि त्यांच्या रक्ताचा सामू कोणी मोजत नव्हते.

याला हलगर्जीपणा म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. रक्ताचा सामू मोजणे हे त्या काळी संशोधकाचे काम होते, रुग्णालयाचे नव्हे. काचेची नाजूक इलेक्ट्रोडे, रक्ताचा हवेशी संपर्क न येऊ देण्याची दक्षता, तापमान ३७ अंशांवर राखण्याची यातायात. त्यापेक्षा डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांच्या उपकरणाने रक्तद्रवातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजणे सोयीचे होते. हा एकूण कार्बन डायऑक्साइड बव्हंशी बायकार्बोनेटच्या रूपात असतो, म्हणून त्या आकड्यालाच व्यवहारात बायकार्बोनेट म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून जगभरची रुग्णालये याच आकड्यावर चालत होती, आणि हे महत्त्वाचे आहे की, त्या आकड्यावर ती चांगली चालत होती.

कारण तोवर आम्लतेचा प्रश्न घेऊन येणारे रुग्ण प्रामुख्याने दोन-तीन प्रकारचे होते. मधुमेहाने बेशुद्ध झालेला, मूत्रपिंडे निकामी झालेला, कॉलऱ्याने कोरडा पडलेला. या सर्वांच्या शरीरात आम्ल साचते किंवा अल्क वाहून जाते, आणि बायकार्बोनेट खर्ची पडते. तेव्हा आकडा उतरला तर आम्लता. उलट सतत उलट्या होऊन पोटातले आम्ल निघून गेले तर आकडा चढतो. आकडा चढला तर अल्कता. दोन पिढ्यांच्या डॉक्टरांनी हा नियम शेकडो रुग्णांवर पडताळून पाहिला होता. ज्याचा श्वासच अपुरा पडतो असा रुग्ण मात्र प्रयोगशाळेच्या निकालाची वाट बघत दिवसचे दिवस जिवंत राहतच नसे. त्या नियमात श्वसनाला जागा नव्हती, कारण नियम ज्यांच्यावरून तयार झाला त्यांचे श्वसन शाबूत होते. लोखंडी फुफ्फुस आणि छातीवरची कवचे आल्यावर प्रथमच अर्धवट श्वास घेणारी माणसे दिवस-दोन दिवस, आठवडाभर जगू लागली आणि त्यांचे रक्त प्रयोगशाळेत जाऊ लागले. नियम जुना, रुग्ण नवे.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर डॉक्टर एकेरी नोंदीवर ताळेबंद वाचत होते. हासेलबाल्ख यांच्या समीकरणात सामू ठरतो तो बायकार्बोनेटच्या आकड्यावरून नव्हे, तर त्याच्या आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या गुणोत्तरावरून. निरोगी माणसाचे बायकार्बोनेट २४ आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२, गुणोत्तर २० ला १, सामू ७.४०. आता समजा एका रुग्णाचे बायकार्बोनेट ३६ आले. त्याचा श्वास नीट चालू असेल, कार्बन डायऑक्साइडचा दाब नेहमीचा ४० असेल, तर गुणोत्तर ३० ला १ होते आणि सामू ७.५८, रक्त स्पष्टपणे अल्कधर्मी. पण दाब १०० वर गेला असेल तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ३ होतो, गुणोत्तर १२ ला १ वर घसरते आणि सामू ७.१८ वर येतो. आकडा तोच, ३६. एका रुग्णाच्या रक्तातले अल्क जास्त झालेले, दुसरा आम्लात बुडत चाललेला. इतकेच नव्हे, दाब ६० असेल तर तोच ३६ चा आकडा सामू बरोबर ७.४० वर आणून ठेवतो.

मग बायकार्बोनेट वाढतेच का? बाहेर टाकला न गेलेला कार्बन डायऑक्साइड तांबड्या पेशींत पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो. त्याचे विघटन होते, आम्लाचा अंश हिमोग्लोबिन धरून ठेवते आणि बायकार्बोनेट बाहेर रक्तद्रवात येते. पुढचे काही दिवस मूत्रपिंडेही बायकार्बोनेट राखून ठेवतात, वाढलेल्या आम्लाला तोंड देण्यासाठी. ब्लेगदामच्या प्रयोगशाळेतला चढलेला आकडा हे साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचे पाऊल होते आणि शरीराने चालवलेल्या बचावाचीही खूण होती. डॉक्टरांनी बचावालाच रोग समजून घेतले.

ज्याला हे प्रथम उमगले तो माणूस त्या रुग्णालयाच्या सेवेत नव्हता. ब्योर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ, सदतिशीच्या उंबरठ्यावरचे. भूलशास्त्र हे तेव्हा डेन्मार्कमध्ये धड स्वतंत्र शास्त्रही मानले जात नव्हते. इब्सेन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शिकून आले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करून रुग्णाचा श्वास रबरी पिशवीने हातात घेणे, हे त्यांचे रोजचे काम. ब्लेगदामचे एक डॉक्टर मोगेन्स ब्योर्नबो यांनी काही काळापूर्वी धनुर्वात झालेल्या एका अर्भकावर इब्सेन यांच्या मदतीने उपचार केले होते. झटके थांबवण्यासाठी क्युरारी देऊन स्नायू पांगळे करायचे आणि श्वास पिशवीने द्यायचा, अशी ती रीत. पोलिओत स्नायू रोगानेच पांगळे झालेले असतात. मग तीच रीत इथे का नको? ब्योर्नबो यांनी आपले वरिष्ठ लासेन यांना इब्सेनला बोलावण्याची विनंती केली. लासेन साशंक होते. तरीही त्यांनी बोलावले, ही गोष्ट मला त्यांच्या मोठेपणाची वाटते. आपल्या क्षेत्रातला पराभव कबूल करून बाहेरच्या, वयाने लहान, मान्यता नसलेल्या शाखेच्या माणसाला दार उघडणे विभागप्रमुखांना फारसे जमत नाही.

२५ ऑगस्टला बैठक झाली. इब्सेन यांनी मरण पावलेल्या चार रुग्णांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष पाहिले. फुफ्फुसे बऱ्यापैकी चांगली होती. फुफ्फुसे चांगली असताना श्वासाच्या रोगाने माणूस मरतो, याचा अर्थ हवा तिथवर पोहोचत नव्हती. रुग्णांच्या अंगाला घाम येई, त्वचा ओलसर आणि गरम, रक्तदाब चढलेला. आणि ऑक्सिजन दिल्यामुळे रंग मात्र चांगला राही. भूलतज्ज्ञाला ही लक्षणे ओळखीची होती. भूल देताना श्वास अपुरा पडला की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि हेच दिसते. चढलेले बायकार्बोनेट त्यांनी या लक्षणांशेजारी ठेवले. लॉस एंजेलिसमध्ये अल्बर्ट बाउर आणि व्हिव्हियन रे बेनेट यांनी पोलिओच्या रुग्णांना दाबाने हवा देऊन मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आणले होते, तेही त्यांच्या वाचनात होते.

दोन दिवसांनी, २७ ऑगस्टला, एका बारा वर्षांच्या मुलीवर प्रयोग झाला. चारही हातपाय लुळे, घशात स्राव साचलेला, शेवट जवळ आलेला. स्थानिक भूल देऊन श्वासनलिकेला छेद दिला, त्यातून फुगा असलेली नळी घातली. मुलगी बेचैन, श्वासनलिका आवळलेल्या, पिशवी दाबूनही हवा आत जाईना. जमलेले डॉक्टर आता काही आशा नाही असे समजू लागले होते. इब्सेन यांनी तिला पेंटोथॉल दिले. तिची धडपड थांबली, तिचा स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि मग पिशवीची हवा आत जाऊ लागली. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपकरण जोडलेले होते. त्यावरचा आकडा उतरत गेला. घाम थांबला, रक्तदाब खाली आला. ती मुलगी जगली आणि पुढे बरीच वर्षे जगली.

आस्ट्रुप यांचा प्रवेश इथे होतो. पौल आस्ट्रुप हे रुग्णालयीन रसायनशास्त्राचे तज्ज्ञ. इब्सेन म्हणतात तसे असेल तर सामू खाली असला पाहिजे, मग तो मोजूनच बघू, असा सरळ विचार करून कोपनहेगनच्याच रेडिओमीटर या कंपनीचे सामूमापक रक्तासाठी वापरले गेले. सामू खाली होता. बायकार्बोनेटचा चढलेला आकडा अल्कतेचा नाही हे कागदावर सिद्ध झाले. उपकरण शहरातच होते. प्रश्न उपकरणाचा नव्हता, तो विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

त्यानंतर जे घडले ते अनेकदा लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. यंत्रे नव्हती, म्हणून माणसे आली. वैद्यक आणि दंतवैद्यक शाखांचे विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले आणि हातांनी पिशव्या दाबू लागले. एका वेळी ७० रुग्ण अशा हातच्या श्वासावर होते. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून १,६५,००० तास हे काम केले. त्यांच्यापुढे पडदे नव्हते, घंटा वाजवणारी यंत्रे नव्हती. रुग्णाचा चेहरा, त्याचा घाम, नाडी, आणि डोळ्यांनी केलेली खूण. शेजारी परिचारिका, ज्यांची नावे या इतिहासात फारशी आलेली नाहीत. स्राव ओढून काढणे, कूस बदलणे, नळी मोकळी ठेवणे हे त्यांनी केले नसते तर पिशवीचा काही उपयोग नव्हता. मृत्यूचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून साधारण ४० टक्क्यांवर आले. इब्सेन यांनी पुढच्या वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, कोपनहेगनच्या नगरपालिका रुग्णालयात गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आज आपण ज्याला अतिदक्षता विभाग म्हणतो त्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार तिथून धरतात. आपल्या प्रत्येक रुग्णवाहिकेत असणारी 'अँबू बॅग' हीही त्याच शहरात, हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांच्या हातून, १९५६ मध्ये तयार झाली.

या कथेचा नायक म्हणून सर्रास एकट्या इब्सेन यांचे नाव घेतले जाते. मला ते अपुरे वाटते. अर्भकाच्या धनुर्वातावरून पोलिओकडे उडी मारणारे ब्योर्नबो, दार उघडणारे लासेन, मोजून दाखवणारे आस्ट्रुप, आणि नाव नसलेले हजारो हात वगळले तर उरते ती फक्त एक चांगली कल्पना. धनुर्वाताचा धागा तर आपल्यापर्यंत येतो. मुंबईत डॉ. फारुख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर याच तत्त्वाने, स्नायू शिथिल करून आणि श्वास यंत्राच्या हवाली करून, केलेले काम जगात वाखाणले गेले. त्यावर त्यांचा ग्रंथ आहे.

भारताचा आणखी एक धागा याहून जुना आहे, आणि तो मला सोडवत नाही. रक्तातले अल्क हरवते हे प्रथम पाहिले ते कॉलऱ्यात. विल्यम ओशॉनेसी या अवघ्या बावीस-तेवीस वर्षांच्या आयरिश तरुणाने १८३१-३२ च्या ब्रिटनमधल्या साथीत रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण करून सांगितले, की त्यातले पाणी, क्षार आणि अल्क कमी झालेले आहे, आणि जे गेले ते परत द्यावे. त्या आधारावर स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये शिरेतून क्षारजल दिले. नंतर ती कल्पना मागे पडली. ओशॉनेसी कोलकात्याला आले, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागले आणि पुढे भारतभर तारायंत्राचे जाळे त्यांनी उभारले. मुंबईला कोलकात्याशी जोडणारी तार त्यांच्याच देखरेखीखाली आली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ते तारेचे ओशॉनेसी म्हणून येतात. कॉलऱ्यात सोडिअम बायकार्बोनेट देण्याची रीत पुन्हा उभी राहायला १९१० च्या सुमाराचे मनिला उजाडावे लागले. तिथे अँड्र्यू सेलार्ड्स यांनी ती अवलंबली आणि कोलकात्याच्या लेनर्ड रॉजर्स यांनी ती आपल्या उपचारात सामावून घेतली. म्हणजे 'आकडा उतरला तर आम्लता' हा जो नियम ब्लेगदामला नडला, तो घडवण्यात बंगालच्या कॉलऱ्याचाही वाटा होता.

साथ ओसरल्यावर आस्ट्रुप यांनी सामूमापकावर आधारलेली एक सुटसुटीत पद्धत काढली. रक्ताचा सामू एकदा जसाच्या तसा मोजायचा, मग कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण माहीत असलेल्या दोन वायूंशी त्याचा समतोल साधून दोनदा मोजायचा, आणि आलेखावर रेघ ओढून मूळ दाब वाचायचा. युरोपातल्या काही देशांत आजही धमनीतल्या रक्ताच्या या तपासणीला नुसते 'आस्ट्रुप' म्हणतात. अमेरिकेत रिचर्ड स्टो यांनी कार्बन डायऑक्साइडचे इलेक्ट्रोड कल्पिले, जॉन सेव्हरिंगहाउस यांनी ते सुधारले, लेलँड क्लार्क यांच्या ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडशी जोडले, आणि सगळे एका यंत्रात आले. आस्ट्रुप आणि सेव्हरिंगहाउस यांनी उतारवयात मिळून या साऱ्या शास्त्राचा इतिहास लिहिला, तो १९८६ मध्ये निघाला.

आकडे मिळाले म्हणून वाद संपला नाही. चयापचयाचा दोष किती हे एका संख्येत सांगावे म्हणून आस्ट्रुप यांचे तरुण सहकारी ओले सिगार्ड-अँडरसन यांनी 'बेस एक्सेस' हे माप मांडले. बॉस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ आणि आर्नल्ड रेलमन यांनी १९६३ मध्ये त्यावर हल्ला चढवला: काचेच्या नळीतले रक्त आणि जिवंत माणूस एकसारखे वागत नाहीत, बायकार्बोनेट आणि दाब पाहा, आणि अशा दाबाला शरीर किती बायकार्बोनेट उभे करते याचे अनुभवाने ठरलेले नियम वापरा. डेन्मार्क आणि बॉस्टन यांच्यातला हा झगडा 'अटलांटिकपारचा महावाद' या नावाने प्रसिद्ध आहे. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर वाटतात, पण नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी बॉस्टनकडे झुकतो. कारण त्यांचा प्रश्न रुग्णाला धरून आहे: हे शरीर स्वतःला सावरायला काय करते आहे?

हा प्रश्न विसरला तर काय होते याचे उदाहरण मधुमेहात सापडते. रक्तात कीटोनआम्ले साचलेला रुग्ण खोल, भराभर श्वास घेतो. आडॉल्फ कुसमाउल यांनी त्याचे वर्णन १८७४ मध्ये केले. बघणाऱ्याला वाटते की हा घाबरला आहे, धापा टाकतो आहे. प्रत्यक्षात तो कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून गुणोत्तर सावरत असतो. अशाला शांत करण्यासाठी गुंगीचे औषध दिले, किंवा यंत्रावर ठेवून श्वासाचा वेग 'नॉर्मल' केला, तर सामू धाडकन कोसळतो. ब्लेगदामला बचावाची खूण रोग ठरली होती. इथेही तेच होऊ शकते, फक्त बाजू बदललेली.

आणि अलीकडचे उदाहरण वाचकांच्या घरातले आहे. करोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमापक घरोघरी पोहोचले. ९५ च्या वर आहे ना, मग ठीक, हे लहान मुलेही बोलू लागली. ते उपकरण ऑक्सिजन सांगते, श्वास पुरेसा आहे की नाही हे सांगत नाही. नाकाला ऑक्सिजन लावलेल्या, पण श्वास मंद आणि उथळ झालेल्या रुग्णाचा आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. जुन्या दम्याचे, वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात बसलेल्या बायांचे, गुंगीचे औषध जास्त झालेल्यांचे असे होते. ब्लेगदामच्या रुग्णांचा रंग चांगला होता हे इथे आठवावे. ज्या ग्रामीण रुग्णालयात रक्तवायूंचे यंत्र नाही, तिथे रात्रपाळीच्या परिचारिकेने घाम, चढता रक्तदाब, वाढती गुंगी पाहणे हेच तिथले यंत्र आहे.

आमच्या विद्यालयातल्या मुली प्रात्यक्षिकासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात जातात. तिथे हल्ली मिनिटाभरात निकाल देणारे यंत्र आहे. त्याच्या चिठ्ठीवर सामू, दाब, बायकार्बोनेट, बेस एक्सेस, सगळे एकाखाली एक छापून येते आणि सगळे सारखेच खरे दिसते. त्या चिठ्ठीसंबंधीची एक गोष्ट सांगितली तेव्हा वर्गात प्रथमच कुजबुज झाली: हे यंत्र सामू मोजते, कार्बन डायऑक्साइडचा दाब मोजते, ऑक्सिजनचा दाब मोजते, पण बायकार्बोनेट मोजत नाही. ते पहिल्या दोन आकड्यांवरून, हासेलबाल्ख यांच्या समीकरणाने, काढते. १९५२ मध्ये हाच एक आकडा मोजला जात होता आणि बाकीचे गृहीत धरले जात होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मग सर, नळीत हवेचा बुडबुडा राहिला आणि दाब चुकला, तर बायकार्बोनेटपण चुकीचंच छापून येणार ना?" मी हो म्हटले, आणि पुढचा तासभर सुईतला बुडबुडा कसा काढायचा, नळी बर्फात का ठेवायची यावर शिक्षिकाबाई बोलल्या.